नागम्माच्या नावाचा उखाणा

लातूर जिल्हा वेगळा झाला तेव्हा उदगीरच्या मन्मथ वकिलांनी हौसेनं नवा काळा कोट शिवला. पण वर्ष दुष्काळाचं. लोक घागरी घेऊन टँकरची वाट पाहत होते, वकिलाकडे कोण फिरकणार? घरमालकीण नागम्माच्या ओट्यावर बसून ते कायद्याची पुस्तकं वाचत. म्हातारीला तेवढीच सोबत.

एके संध्याकाळी समोरच्या हळदीतून कर्ण्यावर उखाणा ऐकू आला.

"माझा हाय," दाराआडून नागम्मा म्हणाली. "गल्लीतल्या समद्या पोरींना मीच जुळवून देते. उखाना जातो हळदीला, मला मातर कुनी बोलवत न्हाई. नवरा गेलेली बाई ना मी!"

वकिलांना आयताच खटला सापडला. "अव्वा, शंभरएक वर्षांमागं तिकडं स्वित्झर्लंडात, बर्नला, देश जमले. एका देशातलं पुस्तक दुसरा बिनदिक्कत छापायचा, म्हणून करार केला. पुढं त्यात घातलं, की रचणाऱ्याचं नाव सांगितलंच पाहिजे. शिवाय तो मेल्यावरही पन्नास वर्षं वारसांना विचारायचं. आपला देशही आहे त्यात."

"मेल्यावर पन्नास वर्सं? मला तर जित्तेपनीच कुनी इचारंना!"

दुसऱ्या दिवशी वकिलांनी टँकरच्या रांगेतच जाहीर केलं, "नागम्माचा उखाणा घेतला तर तिचं नाव सांगायचं, बर्नचा करार आहे. नाहीतर कोर्ट!" बायका अशा घाबरल्या की ओट्याकडे फिरकेनाशा झाल्या. नागम्माला घर खायला उठलं.

गल्लीतल्या रुद्राणीच्या लेकीला, शिवगंगेला मात्र नागम्मानं दिलेला उखाणा आधीच पाठ झाला होता. लग्नाच्या पंगतीत माईक हातात आला आणि पोरगी कोर्टाच्या धाकानं बोलली, "टँकरच्या रांगेत घागरीला घागर, मल्लिकार्जुनराव माझ्या सुखाचं आगर... नागम्माचं नाव सांगते, बर्नच्या करारानं!"

वरमाई कमलम्माचा घास हातातच राहिला. "माझ्या पोरासंगं ह्या नागम्माचं नाव कशाला? आन् करार कसला करून ठेवलाय?"

"बर्न कुटं आलं? बिदरच्या पल्याड काय?" कोणीतरी विचारलं.

"त्या नागम्माला आना समोर! तवर पंगत बंद!" कमलम्मा कडाडली.

माणसं धावली. थोड्या वेळानं विटक्या लुगड्यातली, बोळक्या तोंडाची नागम्मा मांडवात उभी राहिली. कमलम्मानं तिच्याकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावून ती पोट धरून हसली.

"बसा अव्वा, जेवा. आन् आलाच हाव तर तुमी बी घ्या नाव."

गल्लीतल्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. नागम्मानं पदर सावरला. सगळ्यांसाठी जुळवलं, स्वतःसाठी कधीच नाही.

"सांजचा कंदील लावते, दार लोटते एकटी, बसलिंगप्पांचं नाव घेते, समद्यांच्या शेवटी."

कमलम्मानं उठून तिच्या पानात तूप वाढलं.

सांजेला ओट्यावर नागम्मानं विचारलं, "वकीलसायेब, ह्यो उखाना कुनी उचलला तर?"

"हा कोण उचलणार? कुठली नवरी एकटी दार लोटणार, अव्वा? कुणाच्याच कामाचा नाही."

"म्हन्जी मागायला बी कुनी येनार न्हाई," नागम्मा म्हणाली, आणि कंदील लावायला उठली.