बारा अंशांचा दाखला

चौकोनाच्या चारही आंतरकोनांची बेरीज तीनशे साठ अंश असते, हे पंचवटीत आहेर सरांइतक्या ठामपणे कुणीच सांगत नसे. सर मूळचे देवळ्याचे. कांद्याची शेती भावावर सोपवून नाशकात आले आणि जन्मभर भूमिती शिकवत राहिले. एकदा एका पोराने तीनशे एकसष्ट लिहिलं, तर सरांनी त्याला अख्खा तास बाकावर उभं केलं. "एक अंश जास्त? कुठून आणलास रे? आजोळहून?" वर्ग हसला, पोरगं रडलं आणि भूमिती वाचली.

असे हे सर दोन हजार साली मखमलाबाद रस्त्याला घर बांधायला निघाले. नेमकी तेव्हा नाशकात वास्तुशास्त्राची साथ आली होती. धडधाकट संडास पाडून लोक देवघर करत होते, आणि देवघर पाडून संडास. सरांच्या पत्नी सुवर्णाबाई यांनीही भारतभाऊ नावाचे वास्तुतज्ज्ञ बोलावले. भारतभाऊ आधी द्राक्षांवरची औषधं विकत. त्यांनी प्लॉटभर होकायंत्र फिरवलं आणि निकाल दिला.

"नव्वदचा कोपरा म्हणजे भरभराट कोंडली. चारी कोपरे तीन-तीन अंश खुले करा."

"म्हणजे तीनशे बहात्तर? अहो, असा चौकोनच नसतो!" सर ओरडले.

"शाळेतलं शाळेत ठेवा," सुवर्णाबाई म्हणाल्या. "छायाचं लग्न दोनदा ठरता ठरता मोडलंय. तीन अंशांपायी पोरगी घरात ठेवायची का?"

देवळ्याहून आलेल्या नवसाबाईंनी, म्हणजे सरांच्या आईने, तेवढ्यात डाव साधला. "लय शिकलास रे ज्ञानेश. पण पोरीपेक्षा तुझा चौकोन मोठा हाय का?"

सरांनी कोनमापक पेटीत ठेवला. चार वेळा त्र्याण्णव लिहिलेला नकाशा महापालिकेत मंजुरीला गेला आणि मंजूर होऊन आला. कार्यालयात बेरीज तपासण्याचं टेबल वेगळं होतं आणि ते पद बरीच वर्षं रिक्त होतं.

बांधकाम सुरू झालं. गोटीराम गवंड्याने तीन कोपरे इमानदारीत त्र्याण्णवचे काढले. चौथा आपोआप एक्क्याऐंशीचा निघाला, आणि तोही नेमका स्वयंपाकघराचा. "अन्नपूर्णा कोंडली!" भारतभाऊंनी कपाळाला हात लावला. भिंती पाडल्या, पुन्हा बांधल्या. या खेपेला अरुंद कोपरा देवघरात गेला. पुन्हा पाडल्या, तर तो छायाच्या खोलीत. शेवटी गोटीराम वैतागला. "सर, हा बारका कोपरा घरभर फिरतोय. कुठं मुक्कामाला ठेवायचा तेवढं सांगा." घरची बैठक बसली आणि तो एकमताने सरांच्या अभ्यासाच्या खोलीला देण्यात आला. अडचणीत बसायची सरांना सवय होती.

आणि काय सांगावं, सिन्नरच्या कारखान्यातला मुलगा छायाला पसंत पडला, छाया त्याला! साखरपुडा नव्या घरात ठरला. पण घर पूर्ण झाल्याच्या दाखल्याशिवाय नळ मिळेना, आणि पाण्याशिवाय पाहुणे कसे बोलवायचे? तपासणीला रोहित नावाचे तरुण अभियंता आले. त्यांनी फीत लावली, कोन मोजले आणि गंभीरपणे म्हणाले, "नकाशापेक्षा बारा अंश कमी भरतात."

"अहो, ते कधी नव्हतेच!"

"मंजूर नकाशात आहेत. मंजूर झालेली वस्तू अस्तित्वात नाही, असं कार्यालयाला म्हणता येत नाही. एक तर बारा अंश हजर करा, नाहीतर या चौकोनाची बेरीज तीनशे बहात्तर असल्याचा दाखला शासनमान्य भूमिती शिक्षकाकडून आणा."

"शासनमान्य भूमिती शिक्षक मीच आहे," सर पुटपुटले.

"वा! मग काम आजच होईल."

सरांनी दाराबाहेर पाहिलं. छाया शेजारच्या नळावरून कळशी घेऊन येत होती, गाणं गुणगुणत. किती दिवसांनी गुणगुणत होती पोरगी! सरांना भरून आलं. त्यांनी पेन उघडलं, डोळे मिटले आणि सही ठोकली.

रोहितने कागद घडी करून खिशात ठेवला आणि वाकून सरांच्या पाया पडला. "ओळखलं नाहीत ना सर? तीनशे एकसष्टवाला मी. माझा एकच अंश जास्त होता."

सरांनी नकळत इकडेतिकडे पाहिलं. घरात अजून बाक आलेला नव्हता.

नळ आला, साखरपुडा दणक्यात झाला, छाया सिन्नरला सुखात नांदते आहे. श्रेय भारतभाऊंनी घेतलं. सर निवृत्त होईपर्यंत वर्गात तीनशे साठच सांगत राहिले, फक्त आवाज थोडा खाली आला.

हसलात? खुशाल हसा. फक्त एवढं सांगा, रात्री तुम्ही उत्तरेकडे डोकं करून झोपता का?

नाही ना? मग व्हा उभे बाकावर.