बोर्डे सर लाल म्हणत नाहीत

शनिवार, दहा जानेवारी. हजर: आमच्या प्रयोगशाळेचे बोर्डे सर, गाडीवर रफिकभाई, कपारीखाली मेंढ्या चारणाऱ्या गयाबाई आणि नोंदी करायला मी.

बोर्डे सर कशालाही लाल म्हणत नाहीत. डोंगरातल्या प्राचीन चित्रांचे रंग कशापासून केले, हे शोधणं त्यांचं काम. पिस्तुलासारखं यंत्र रंगासमोर धरलं की त्यात काय काय आहे ते पडद्यावर उमटतं. "लाल हे डोळ्याचं मत झालं, मॅडम. लोह म्हणा."

गेल्या वर्षी माझ्या घरच्या हळदीकुंकवाला ते एक फाइल द्यायला आले आणि त्यांनी कुंकवाच्या करंड्यावर यंत्र धरलं. "पारा नाही. बिनधास्त लावा," असं म्हणून गेले. पुढच्या चार बायकांनी नुसती हळद लावून घेतली. छावणी बाजारातला एक रंगाचा दुकानदार तर सर दिसले की शटर अर्ध्यावर ओढतो.

त्या दिवशी सर खुशीत होते. कपारीच्या भिंतीवर बैल, हरणं, नाचणारी माणसं, सगळीकडे लोह. म्हणजे गेरू, म्हणजे अस्सल जुनं. मग कोपऱ्यात, माझ्या डोक्याच्याही वर, एक चिमुकला हाताचा ठसा सापडला. सरांनी यंत्र वर धरलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"शिसं आणि क्रोमियम. दुकानातला ऑइलपेंट. कुणीतरी घाण करून ठेवलीय."

मागाहून लावलेला रंग सापडला की तो पुसावा की ठेवावा, याची शिफारस सरांनी करायची असते. 'पुसावा' हे ते जागेवरच लिहितात. त्यांनी पेन काढलं.

"घाण नाय ओ सायेब," गयाबाई म्हणाल्या. "माझा हात हाय तो."

"तुमचा?"

"व्हय. मेंढरं वळखू यावीत म्हणून पाठीवर रंग मारतेत ना, त्यो. बापानं लासूर स्टेशनच्या बाजारातून डबा आणला व्हता. उरलेला माझ्या हाताला फासला. सा वर्साची आसंन मी."

"सर, पेंटर खुद हाजिर है," रफिकभाई म्हणाले.

सर हसले नाहीत. "सहा वर्षांचा हात एवढ्या उंच कसा पोचला?"

"खांद्यावर घेतलं व्हतं की त्यानं."

सरांनी पेनाला टोपण लावलं. मग त्यांनी वडिलांचं नाव विचारलं. गयाबाई म्हणाल्या, "म्हाळू. जाऊन लई वर्सं झाली."

परतताना वाळूजच्या कारखान्यांच्या शिफ्टच्या बसगाड्यांमागं अडकलो. एरवी सर प्रत्येक बसचा रंग कशाचा ते सांगतात. त्या दिवशी लासूरचा बाजार कोणत्या वारी भरतो, ते रफिकभाईंना विचारत होते.

सोमवारी सरांनी भरलेला नोंदींचा तक्ता माझ्या टेबलावर आला. त्यात चित्रकाराचा एक रकाना असतो. सरांनी आजवर तिथं 'अज्ञात' सोडून दुसरं काही लिहिलेलं नाही. या ठशापुढं लिहिलं होतं: 'गयाबाई, वय सहा. साहाय्य: वडील म्हाळू.'

शिफारशीचा रकाना मात्र कोरा. तो भरेपर्यंत भिंतीला कुणी हात लावू शकत नाही, हे सरांना माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. तीनदा आठवण केली. "बघतो मॅडम," म्हणतात. माझ्या यादीतली बाकी सगळी कामं झाली. एवढं एक राहिलंय.