काळा उंच, सोनेरी बुटका

वेलिंग्टनच्या शिक्षण मंत्रालयात लिंडसे टकवेलने सोमवारी सकाळी तक्ता पुरा केला आणि तो स्वतःवरच खूश झाला. एका विद्यार्थ्याच्या उच्च शिक्षणावर न्यूझीलंड सरकार किती खर्च करतं आणि ऑस्ट्रेलिया किती, याची ती तुलना होती. काळा खांब आपला, सोनेरी त्यांचा. काळा इतका बुटका दिसत होता की दगडालाही पाझर फुटावा. मंत्र्यांना तो फुटणं फार गरजेचं होतं, कारण अनुदान वाढलं नाही तर डोंगरापलीकडच्या महाविद्यालयातला लोकरशास्त्र विभाग बंद होणार होता, आणि तिथे लिंडसेची बायको रेवा शिकवत होती.

"काहीतरी कर बाबा," ती सकाळीच म्हणाली होती. "नाहीतर मी घरी बसेन आणि रोज तुलाच मेंढ्यांवर व्याख्यान देईन."

तक्ता नीट छापून मंत्र्यांपुढे ठेवायचं काम त्यांच्या सेक्रेटरी नोएलीनबाईंचं. बाईंच्या खुर्चीला बाराही महिने न्यूझीलंडच्या रग्बी संघाचा काळा मफलर बांधलेला असे. शनिवारी रग्बीत ऑस्ट्रेलियाने आपल्याला धूळ चारली होती आणि तेव्हापासून बाई कुणाशी धड बोलत नव्हत्या.

दुपारी मंत्री हॉरॉक्स जेवणाहून परतले ते शीळ घालतच.

"लिंडसे, शाब्बास. आपण त्यांच्या पुढे आहोत हे मला माहीतच नव्हतं रे."

"पुढे, सर?"

"चांगले दीडपट. त्यांचे मंत्री जेवायला होते ना, सगळ्यांदेखत तक्ता दाखवला. बिचाऱ्याचा घास घशातच अडकला."

"पण सर, अनुदानाचं..."

"आता कशाला? पुढे आहोत की."

लिंडसे तडक नोएलीनबाईंपुढे जाऊन उभा राहिला. "बाई, खांबांचं काय केलंत?"

"चूक सुधारली. घाईत तू रंग उलटे भरले होतेस."

"उलटे नव्हते."

"अरे बाळा, काळा खाली आणि तोही ऑस्ट्रेलियाच्या? असं कुठे असतं का?"

"असंच आहे, बाई."

"म्हणजे एका आठवड्यात दोनदा हरलो आपण," त्या म्हणाल्या आणि त्यांनी नाक शिंकरलं. लिंडसेला रागवायचं होतं, पण जमेना.

तो मंत्र्यांकडे गेला आणि खरं काय ते सांगून मोकळा झाला. हॉरॉक्सनी उठून दार लावलं.

"आणखी कोणाला ठाऊक आहे?"

"नोएलीनबाईंना."

"त्या मेल्या तरी ऑस्ट्रेलियाला वर म्हणायच्या नाहीत. मग गप्प बस. पंतप्रधानांनी भाषणात घेतलंय ते."

"पण त्यांच्या मंत्र्यांनी आकडे तपासले तर?"

"कशाला तपासेल? आपण मागे पडलोय असं दाखवून पैसे मागायची आयती संधी आलीय त्याला. मी त्याच्या जागी असतो तर तक्ता चौकटीत लावला असता."

त्या रात्री रेवाने मेंढ्यांवरचं पहिलं व्याख्यान दिलं. लिंडसेने मान खाली घालून ऐकलं. त्याला मनापासून वाईट वाटत होतं.

महिनाभरात बातमी आली. न्यूझीलंडच्या मागे राहण्याची नामुष्की धुऊन काढायला ऑस्ट्रेलियाने विद्यापीठांचा निधी घसघशीत वाढवला होता. लगेच हॉरॉक्सचं बोलावणं आलं.

"तुझा तो पहिला तक्ता आहे ना अजून?"

"आहे, सर."

"सोनेरी आणखी उंच कर आणि आजची तारीख घाल. बघतोस काय, महिनाभरात पुढे गेले की ते आपल्या."

तक्ता पुन्हा नोएलीनबाईंच्या हाती गेला. या खेपेला लिंडसे शेजारीच उभा राहिला. बाईंनी डोळे मिटून छापला.

मंत्रिमंडळात हाहाकार उडाला. आपण, आणि ऑस्ट्रेलियाच्या मागे? अनुदान त्याच बैठकीत मंजूर झालं आणि लोकरशास्त्र वाचलं. रविवारी रेवाने नोएलीनबाईंना जेवायला बोलावलं. बाई मलई आणि किवीची फळं घातलेला भलामोठा पावलोव्हा केक घेऊन आल्या.

"हा पदार्थ मूळचा आपलाच, बरं का," सुरी चालवत त्या म्हणाल्या. "ऑस्ट्रेलियावाले उगाच स्वतःचा म्हणतात. लिंडसे, तू तर तपासणारा माणूस. खरं की नाही?"

रेवाने त्याच्याकडे पाहिलं. लिंडसेने बशी पुढे केली.

"शंभर टक्के, बाई," तो म्हणाला.