आजीबाईंचा पत्ता

"सर, आजीबाई कुठेच नाहीत," बाई फोनवर सांगत होत्या. "काल संध्याकाळपर्यंत डोहातच होत्या. सकाळपासून खालच्या बंधाऱ्यापर्यंत सगळा ओढा पालथा घातला."

पलीकडून सरांनी काय विचारलं ते कुणाला कळलं नाही. बाईंचं उत्तर मात्र पुलाजवळच्या बेकरीतल्या सगळ्यांनी ऐकलं.

"जिवंत आहेत असं धरून चाललेय, सर. पण कुणी पाण्याबाहेर काढलं असेल, तर फार वेळ तग धरणार नाहीत."

बेकरीवालीच्या हातातला पाव हातातच राहिला.

आता, आजीबाई म्हणजे एक मासा आहे, हे बाईंना आणि त्यांच्या सरांना ठाऊक होतं. बेकरीवालीला ते ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. लोक शेजाऱ्यांना पाण्यात पाहतात. बाई माशांना पाण्यात पाहत आणि त्याचाच पगार घेत. ओढ्यात मिशाळ जातीचे मासे उरले होते ते सगळे मिळून एका टोपलीत मावले असते. त्यातली सगळ्यात थोराड मादी म्हणजे आजीबाई. तिच्या पोटात बाईंनी शेंगदाण्याएवढं एक यंत्र बसवलं होतं. त्याची केसासारखी तार पोटाखालून बाहेर लोंबत असे. हातातला अँटेना तिच्या दिशेला वळला, की बाईंच्या खांद्यावरच्या रेडिओत टिकटिक सुरू होई. आजीबाई अंडी नेमकी कुठे घालते ते कळलं, तर ओढ्याचा तेवढा पट्टा राखून ठेवता येणार होता. नाहीतर वाळू उपसणारे टपून बसलेच होते. आणि अंडी घालायचे दिवस तोंडावर आले असताना आजीबाई बेपत्ता झाली होती. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

फोन ठेवून त्या पुलाच्या कठड्याशी उभ्या राहिल्या आणि अँटेना चारी दिशांना फिरवू लागल्या. तेवढ्यात बेकरीवाली हवालदाराला घेऊन आली.

"आजीबाईंचं वय काय?" हवालदारानं वही उघडत विचारलं.

बाईंचा एक कान रेडिओला होता. "असेल बारा-तेरा."

"मी आजीबाईंचं विचारतोय."

"त्यांचंच सांगतेय. त्यांच्यात एवढं कुणी जगत नाही."

हवालदारानं तो रकाना मोकळा सोडला. "काही ओळखायची खूण?"

"मिशा आहेत. चार."

वही खाली आली. बेकरीवाली हळूच म्हणाली, "वय झालं की येतात हो बाईमाणसाला. माझ्या आत्याला होत्या."

"राहतात कुठे?"

"डोहात, मोठ्या दगडाच्या आडोशाला."

"आणि तुम्ही काही केलं नाहीत?"

"आम्ही लांबूनच बघतो. जवळ गेलं की बिचकतात. पोटात यंत्र बसवलंय ना, त्याच्या आवाजावरून कळतं."

"म्हणजे आजारीही आहेत," हवालदार म्हणाला. त्याचा आवाज आता नुसता सरकारी राहिला नव्हता.

तेवढ्यात लॉन्ड्रीवाला धापा टाकत आला. दुकानाबाहेर ठेवलेली त्याची कपड्यांची ढकलगाडी, चाकं लावलेली ती मोठी निळी टाकी, कुणीतरी नेली होती. "एक म्हातारी आणि एक ढकलगाडी," हवालदार पुटपुटला, आणि दोन्ही गोष्टी एकाखाली एक लिहून झाल्यावर त्यांच्याकडे बघत राहिला.

रेडिओत अगदी बारीक टिक ऐकू आलं. बाईंनी आवाज वाढवला. अँटेना ओढ्याकडे नव्हता, गावाकडे होता.

त्या निघाल्या त्या जवळजवळ पळतच. मागून हवालदार, त्याच्यामागे लॉन्ड्रीवाला, आणि दुकान बहिणीवर सोपवून बेकरीवाली. एका गल्लीत टिकटिक वाढे, दुसरीत मंदावे. कुठल्याही खिडकीतून फोडणीचा वास आला की बाईंच्या काळजात धस्स होई. कुणाच्या तरी स्वयंपाकघरात आत्ता तेल तापत असेल आणि आजीबाई ओट्यावर आडवी असेल, या विचारानं त्या आणखी भरभर चालू लागल्या.

"धीर धरा, बाई," हवालदार मागून म्हणाला. "तुमच्या कोण लागतात?"

"कुणी नाही," बाई म्हणाल्या. मग चालता चालताच त्यांनी पुस्ती जोडली. "पण तीन वर्षं रोज बघतेय त्यांना."

टिकटिक त्यांना वाचनालयापाशी डावीकडे घेऊन गेली, मग एका ओळखीच्या चौकात, मग फारच ओळखीच्या रस्त्यावर. बाईंनी रेडिओ बंद करून पुन्हा सुरू केला. काही फरक पडला नाही. यंत्र त्यांना त्यांच्याच इमारतीत, तळमजल्यावर, त्यांच्याच दाराशी घेऊन आलं होतं.

या घरात सध्या दोनच माणसं राहत, बाई आणि त्यांचे सासरे. नवऱ्याची नोकरी दुसऱ्या शहरात होती; तो महिन्याकाठी येई. सासूबाई गेल्यापासून सासरे अबोल झाले होते आणि बाई मुळातच अबोल. "जेवलात का, बाबा?" "जेवलो. तू?" एवढ्यावर दोघांचा दिवस मावळे. वैर नव्हतं. एकमेकांना त्रास नको म्हणून दोघंही इतकं जपत, की बोलायचंच राहून जाई.

बाईंनी किल्लीनं दार उघडलं. बाथरूमचं दार बंद होतं आणि आत पाणी पडल्याचा आवाज येत होता. त्यावरून बाबांचा आवाज, बाईंनी कधी न ऐकलेला, मऊ:

"अशी अंग चोरून राहू नकोस गं. पाणी गार आहे ना? माझी सून येईलच आता. तिला तुमच्यातलं सगळं कळतं. मला नाही कळत, पण मी आहे इथेच."

बेकरीवालीनं फरशीकडे नजर वळवली. लॉन्ड्रीवाल्यानं खोकून घेतलं. हवालदार पुढे झाला आणि दारावर दोनदा टकटक केली.

"आजोबा, बाहेर या. आणि आधी त्या बाईंना काहीतरी पांघरायला द्या."

दार उघडलं. बाबा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभे होते. हातात मग होता, सदरा छातीपर्यंत भिजला होता. त्यांच्यामागे, कशीबशी आत मावलेली निळी ढकलगाडी. गाडीत ओढ्याचं गढूळ पाणी, आणि पाण्यात आजीबाई, कल्ले हलवत, ठणठणीत.

"माझी गाडी," लॉन्ड्रीवाला म्हणाला.

"या आजीबाई?" हवालदारानं विचारलं.

"याच," म्हणून बाई उंबऱ्यातच बसल्या. त्यांचा जीव भांड्यात पडला होता.

बेकरीवालीनं वाकून पाहिलं. "मिशा आहेत खऱ्या."

हवालदारानं वहीतल्या दोन्ही ओळी खोडल्या आणि टोपी काढून कपाळ पुसलं. पण त्याचा गणवेश पाहून बाबांची मात्र पाचावर धारण बसली होती.

"गाडी मी परत देणार होतो," ते घाईघाईनं म्हणाले. "दुकानात कुणी नव्हतं. आणि ही मी खायला आणली नाही. हिच्या पोटातून तार लोंबत होती. मला वाटलं कुणाचा तरी गळ रुतलाय. तुझ्याशिवाय कोण काढणार, म्हणून घरी आणली. नळाच्या पाण्यात औषध असतं, माशांना सोसत नाही, असं तुझ्या टेबलावरच्या पुस्तकात वाचलं होतं. म्हणून पाणी ओढ्याचंच आणलं. सकाळपासून वरून ओततोय, हवा मिळावी म्हणून."

"बाबा, मला फोन करायचा होता."

"तू कामात असतेस."

"मी हिलाच शोधत होते," बाई म्हणाल्या. मग त्यांच्या काहीतरी लक्षात आलं. "पण तुम्ही ओढ्यावर कसे? तुम्ही तर बागेत फिरायला जाता ना?"

बाबांनी मगातलं उरलेलं पाणी हळूच गाडीत ओतलं. "बागेत सगळे आपापल्या सुनांच्या गोष्टी सांगतात. माझी सून दिवसभर काय करते, तेच मला सांगता येत नव्हतं. म्हणून बघायला येतो अधूनमधून. विचारलं असतं तर तुला वाटलं असतं, म्हातारा चौकशा करतो. मी आपला लांबूनच बघतो."

 लांबूनच बघायचं, जवळ गेलं की बिचकतात, हे बाईंनी नुकतंच हवालदाराला ऐकवलं होतं. त्यांनी बाबांच्या हातातला मग घेतला आणि टॉवेल दिला.

"पण ही तुमच्या हाती लागली कशी? आम्हाला जाळं लावून दोन आठवडे लागले होते."

"डोहात नव्हती. वर, पिंपळ पडलाय ना, त्याच्याही पुढे. पाणी पसरट आहे, घोट्याएवढं. तिथे गोट्यांवर शेपटी आपटत होती बिचारी. खड्डा पडला होता खाली. म्हटलं, तडफडतेय."

बाई ताडकन उठल्या. "शेपटीनं खड्डा करत होती? नक्की?"

"चुकलं का माझं?"

"बाबा, ती तडफडत नव्हती. अंडी घालायला जागा करत होती. तीच जागा मी तीन वर्षं शोधतेय."

बाबा मटकन स्टुलावर बसले. त्यांनी गाडीतल्या माशाकडे पाहिलं. "म्हणजे भरल्या दिवसांची बाई मी बाळंतपणातून उचलून आणली."

"मग परत पोचवायला हवी," बेकरीवाली म्हणाली. आता ती आजीबाईंच्या घरचीच झाली होती.

मिरवणूक आल्या वाटेनं परत निघाली. लॉन्ड्रीवाल्यानं गाडी दुसऱ्या कुणाला ढकलू दिली नाही. हवालदारानं चौकात वाहनं थांबवली. गाडीत काय आहे असं कुणी विचारलं, की "बाळंतीण आहे, वाट द्या," एवढंच तो सांगे.

पडलेल्या पिंपळाच्या पुढे पाणी खरोखरच पसरट होतं. गोट्यांमध्ये परातीएवढा स्वच्छ खड्डा होता. बाईंनी आजीबाईला दोन्ही हातांवर पाण्यात धरलं, तोंड प्रवाहाकडे करून. ती थोडा वेळ तशीच राहिली, मग एका झटक्यात निसटली आणि खड्ड्याभोवती फिरू लागली.

बाकीचे लोक हळूहळू पांगले. बाईंनी रेडिओचा हेडफोन बाबांच्या कानांवर चढवला आणि अँटेना त्यांच्या हातात दिला. बाबा ऐकू लागले.

"हीच ती?"

"हीच. असं सलग वाजलं की समजायचं, ठीक आहे."

बाबांनी बराच वेळ ऐकलं. मग अँटेना सावकाश वळवला आणि सुनेवर रोखला.

"काहीच वाजत नाही."

"माझ्या पोटात यंत्र नाही, बाबा," बाई हसत म्हणाल्या.

"तेच म्हणतोय," बाबा म्हणाले. "तू ठीक आहेस की नाही, ते मी कशावरून ओळखायचं?"

बाई त्यांच्या शेजारी दगडावर बसल्या. पाय पाण्यात सोडले. आणि मग, घरी कधी सांगितलं नव्हतं ते, अगदी पहिल्यापासून सांगायला लागल्या.