सगुणाआक्काची म्हैस

ऑपरेशन डॉक्टरीणबाईंनी केलं, पण मला त्यातून निभावून नेलं ते वॉर्डातल्या आयाबाईनं, सगुणाआक्कानं. नणंदबाईंना वाचता येत नाही, म्हणून हे बिनघोर लिहिते.

आक्का मूळची काष्टीची. कुणाचंही दुखणं ती भेटायला आलेल्यांना खरं सांगायची नाही. वर प्रत्येक थापेला जोड द्यायची, "खोटं बोलले तर जीभ झडंल माझी!" मूळव्याधीच्या एका बाईची तर तिनं पाहुण्यांपुढं दाढच काढली होती.

माझं दुखणं सांगण्यासारखं नव्हतंच. दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. मी चोवीस वर्षांची, चौथीत शाळा सुटलेली, लग्नाला पाच वर्षं झालेली. पाळी कधी आलीच नाही. जन्मापासून योनिमार्गच नाही, हे नगरला आल्यावर कळलं. डॉक्टरीणबाईंनी मांडीची कातडी काढून, साच्यावर बसवून आत नवा मार्ग केला. "मूल नाही व्हायचं, पण संसार होईल," म्हणाल्या. कातडी धरेपर्यंत हलायचं नाही, खोकायचं नाही, हसायचं नाही. मालक ऊसतोडीला गेलेले. आमच्या खर्डा गावापासून इतक्या लांब मी एकटी, धास्तावलेली.

"हसलीस तर कातडं सरकंल बघ," आक्का दम द्यायची, आणि हसवायची तीच.

एक दिवस थोरल्या नणंदबाई आल्या. भावाचं दुसरं लग्न त्यांच्या मनात होतंच, फक्त कारण हवं होतं.

"कशाचं आपरेशन?"

आक्कानं चादर जराशी सारून मांडीचं बँडेज दाखवलं. "म्हशीनं शिंग मारलं. खोटं बोलले तर जीभ झडंल माझी!"

"आमच्याकडं म्हैसच न्हाई."

"म्हनून तर! वळखीची असती तर मारलं असतं व्हय?"

मी पदर दातांत गच्च धरला.

"कुनाची म्हैस?"

"ते सांगत न्हाई. तुमी भांडायला जाल."

नणंदबाई त्या म्हशीच्या धन्याला शिव्या देत एसटी गाठायला गेल्या.

कातडी धरली. निघायच्या दिवशी आक्का माझं गाठोडं बांधत होती. "मालक येतोय न्यायला?"

"व्हय. खाली आलेत."

ती एकच गाठ पुन्हा पुन्हा आवळत राहिली. "मलाबी हेच हुतं गं. तवा आपरेशन असतं हे कुनाला ठावं? त्यानं सवत आनली, मी गाव सोडलं."

या वेळी जीभ झडायचं ती काही बोलली नाही.

यंदा चारा झालाय. काष्टीच्या बाजारातून आम्ही म्हैस आणणार आहोत. "मारकी नगं," नणंदबाईंनी बजावलंय. व्याली की पहिला खरवस घेऊन मी नगरला आक्काकडं जाणार. खोटं बोलले तर जीभ झडंल माझी.