गुप्तेकाका वाक्य देतात

हॉटेलात गुप्तेकाकांच्या आसपास बसून कधी काही मागवू नये. तुम्ही तोंड उघडायच्या आधीच तुमचं वाक्य तुम्हाला ऐकू येतं. अगदी हळू, कानाच्या पाळीशी, आणि शब्दाला शब्द तुमचंच.

माझ्यावर हा प्रसंग पहिल्यांदा आला तो डोंबिवलीत, नाट्यगृहाजवळच्या उडप्याकडे. रविवार होता, चारचा प्रयोग, आणि तीन वाजत आलेले. वेटर समोर उभा. मी मेनूकार्डावरून मान वर केली, एवढ्यात मागून कुजबुज आली, "एक मैसूर मसाला, तिखट कमी, आणि ह्यांना नेहमीचंच." मी हेच म्हणणार होते, 'ह्यांना नेहमीचंच' सकट. वळून पाहिलं, तर आमच्याच सोसायटीतले बी-विंगचे गुप्तेकाका माझ्या पाठीला पाठ लावून बसलेले. समोर त्यांच्या पत्नी, शालनकाकू.

"सॉरी हं मेघा," काका म्हणाले. "तू थांबलीस. मला वाटलं, वाक्य गेलं."

मी दहावीच्या गणिताचे क्लास घेते. सिद्धता मांडल्याशिवाय मी कशावर विश्वास ठेवत नाही, भुतांवर तर नाहीच. पण त्या दिवशी तो मैसूर मसाला मला काही गोड लागला नाही. माझा नवरा प्रशांत म्हणाला, "योगायोग असेल." प्रशांतला सगळंच योगायोग वाटतं, आमचं लग्नसुद्धा.

मग हळूहळू माहिती कळली. काकांनी दिवसा नोकरी केली ती पोट भरायला. संध्याकाळी पस्तीस वर्षं त्यांनी नाटकांना प्रॉम्प्टिंग केलं. म्हणजे विंगेत अंधारात स्टुलावर बसायचं, संहिता मांडीवर, आणि नट अडला की प्रेक्षकांना कळणार नाही अशा आवाजात त्याला पुढचं वाक्य द्यायचं. "जन्म विंगेत काढला, फ्लॅटही बी-विंगेत मिळाला," हा त्यांचा ठेवणीतला विनोद. सोसायटीत हा विनोद न ऐकलेला माणूस दिसला की तो नवा भाडेकरू समजावा.

त्यांच्या कुजबुजीची गंमत अशी, की ती ज्याला द्यायची त्यालाच पोचते. शेजारच्याला पत्ता नाही. आणि त्यांनी ठरवलं तर ओठही हलताना दिसत नाहीत.

"पण तुम्हाला कळतं कसं?" मी एकदा लिफ्टमध्ये विचारलं.

"श्वास," ते म्हणाले. "माणूस बोलायच्या आधी श्वास घेतो, त्या श्वासात वाक्य असतं. आणि खरं सांगू का, माणसाकडे फार मोठी संहिता नसतेच गं. चाळीस-पन्नास वाक्यं. तीच फिरवून फिरवून जन्म काढतो."

मला राग आला. त्या आठवड्यात मी प्रशांतची वाक्यं मोजली. एकतीस भरली, त्यातली चार क्रिकेटची.

त्यांचा एक प्रश्न मात्र ठरलेला होता: "पॉज आहे, की गेलं?" त्यांच्या मते प्रॉम्प्टरची सगळी विद्या या प्रश्नात आहे. नटाने मुद्दाम पॉज घेतलाय आणि तुम्ही वाक्य दिलंत, तर तो मध्यंतरात तुम्हाला कच्चा खातो. तो खरंच विसरलाय आणि तुम्ही गप्प राहिलात, तर नाटक पडतं. हा प्रश्न काका कशालाही विचारत. नळाचं पाणी थांबलं, शेजारच्या इमारतीचं काम बंद पडलं, वॉचमन खुर्चीत बसल्याबसल्या डोळे मिटून पडला, की काका तिथे उभे: "पॉज आहे, की गेलं?" वॉचमनने हे एकदा ऐकलं आणि तो चार दिवस त्यांच्याशी बोलला नाही.

पुढे आम्ही चौघं महिन्यातून एकदा नाटकाला जाऊ लागलो. गाडी मी चालवायची, शेजारी प्रशांत, मागे काका-काकू. खाण्याचं वेळापत्रक काकांचं. नाटकाआधी उडप्याकडे अर्धं पोट, नाटकानंतर मालवणी खानावळीत पूर्ण. तिसऱ्या घंटेआधी उडीदवडा वर्ज्य, कारण दुसऱ्या रांगेतल्या एका ढेकरेने एक मृत्यू कसा हास्यास्पद झाला, ते त्यांनी विंगेतून पाहिलं होतं. शोकान्त नाटकानंतर बांगडा, विनोदी असेल तर कोळंबी. याचं कारण त्यांनी कधी सांगितलं नाही.

ऑर्डर मात्र ते स्वतः देत नसत. ती काकू देत. काकू बोलायच्या कमी, पण बोलल्या की प्रत्येक शब्द जागच्या जागी. "सांबार वेगळ्या वाटीत द्या, आणि पाणी साधं. बर्फ नको." वेटर सरळ उभे राहत. माझ्याकडे पाहून म्हणायच्या, "मेघा, तुला हा रंग शोभतो गं." मी दोन दिवस तरंगायची. त्या वाक्याआधी त्या क्षणभर थांबत, आणि मला तो त्यांचा रुबाब वाटायचा.

नाट्यगृहात मात्र काकांच्या शेजारी बसायला मला भीती वाटू लागली. एका नव्याकोऱ्या नाटकाचा पहिलाच प्रयोग होता, काकांनी संहिता पाहिलेली असणं शक्य नव्हतं, आणि तरी अंधारात माझ्या डाव्या कानाला प्रत्येक वाक्य आधी ऐकू येत होतं. नटी रंगमंचावर दार उघडून म्हणाली, "तू अजून इथेच?" आणि ते मी अर्ध्या सेकंदापूर्वी ऐकलेलं होतं. मध्यंतरात मी जागा बदलून प्रशांतला तिथे बसवलं. प्रशांतला झोप लागली, त्यामुळे त्याचा काही अनुभव नाही.

त्यानंतर बंपरचं प्रकरण झालं. आमच्या गाडीचा मागचा बंपर चेपला होता आणि तो दूधवाल्याच्या टेम्पोने चेपला, असं मी घरी सांगितलं होतं. खानावळीत प्रशांत मला म्हणाला, "त्या दूधवाल्याशी बोललीस का?" मी श्वास घेतला. समोरून कुजबुज आली, "बंपर मीच ठोकला, खांबावर." आणि माझ्या तोंडून मोठ्याने आलं, "बंपर मीच ठोकला, खांबावर." मला ते म्हणायचं नव्हतं. वाक्य आलं आणि मी ते घेतलं, एवढंच. प्रशांतचा घास हातातच राहिला. काका निवांत सोलकढी पीत होते. दुसऱ्याने दिलेलं वाक्य इतक्या सहज आपल्या आवाजात निघतं, याचीच मला जास्त धास्ती बसली.

तरीही आम्ही जात राहिलो, आणि एका रविवारी ठाण्याला निघालो. शीळफाट्याला गाड्या तुंबल्या. अर्धा तास जागचं हललो नाही. प्रशांत मोबाइलमध्ये. मी सहज आरशात पाहिलं. मागच्या सीटवर काकांचे ओठ किंचित हलत होते. ते मिटले, आणि मग काकू म्हणाल्या, "मेघा, एसी जरा कमी कर गं."

मी एसी कमी केला. आरशात पुन्हा पाहिलं. ओठ हलले, मिटले. काकू म्हणाल्या, "केवढ्या गाड्या झाल्यात हल्ली." पुन्हा ओठ हलले, पुन्हा मिटले. "पूर्वी इथे नुसती शेतं होती." मागे बसलेली दोन माणसं होती आणि बोलत होतं एकच.

ठाण्यात उडप्याकडे बसलो. काका हात धुवायला गेले, प्रशांत गाडी नीट लागली का बघायला. टेबलावर मी आणि काकू. मी धीर करून विचारलं, "काकू, बरं वाटतंय ना?"

त्या माझ्याकडे पाहून छान हसल्या. मग माझ्याच सुरात, माझ्यासारखीच मान वाकडी करून म्हणाल्या, "काकू, बरं वाटतंय ना?"

मी उठून पळाले नाही, ते केवळ कोपऱ्यात अडकले होते म्हणून. काका परत आले. त्यांनी एकदा माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं.

त्या दिवशी पहिल्या अंकात काय झालं, मला विचारू नका. मी डाव्या बाजूला कान देऊन होते. प्रेक्षक हसले की काका हलकेच काहीतरी म्हणत आणि काकू हसत, सगळ्यांपेक्षा पाव क्षण उशिरा. मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत मी काकांना गाठलं. काकू दूर बाकावर प्रशांतजवळ बसल्या होत्या.

"दोन वर्षं झाली," काका म्हणाले. "आधी नावं गेली. मग भाज्यांची नावं. मग वाक्याचं शेपूट जायला लागलं. डॉक्टर आहेत, गोळ्या आहेत. पण मी वाक्य दिलं की ती घेते. आवाज तर तिचाच आहे ना?"

"पण काका, किती दिवस लपवणार?"

"लपवत नाहीये गं. हे एकदा कळलं ना, की लोक तिच्याशी बोलायचं सोडतील. माझ्याशी बोलतील. तिच्याविषयी, तिच्यासमोर. 'काकू जेवल्या का,' असं मला विचारतील. मग ती बाई राहणार नाही, खुर्ची होईल. मला ते नकोय."

मला एकदम काहीतरी खुपलं. "म्हणजे तो रंग मला शोभतो, हे तुम्ही म्हणालात?"

"छे," काका दुखावून म्हणाले. "मी स्वतःचं एक अक्षर घालत नाही. चाळीस वर्षं ऐकलेली तिची वाक्यं आहेत. मला पाठ आहेत. मी फक्त तिची तिला परत देतो." मग वडा तसाच हातात धरून म्हणाले, "कुणाला बोलू नकोस, मेघा."

आता सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे, म्हणून लिहायला हरकत नाही. पण तेव्हा मी शब्द दिला.

नाटकानंतर खानावळीत आलो. नाटक दुःखाचं होतं, म्हणून बांगडा. मी मुद्दाम काकूंच्या शेजारी बसले, काका समोर. ताटं आली, तोच एक उंच बाई लांबूनच हात पसरून आल्या. "गुप्ते! आणि शालनसुद्धा!"

काकांचा चेहरा उतरला. माझ्यापुरती कुजबुज आली, "ही रजनी. नटी. हिने वीस वर्षं माझ्याकडून वाक्यं घेतली आहेत. हिचा कान सरावलाय, जवळ आली की माझी कुजबुज हिला ऐकू जाईल." आणि त्यांनी ओठ घट्ट मिटले.

रजनीताई खुर्ची ओढून बसल्या. "शालन, ओळखलंस ना मला?"

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. काका ताटाकडे. मी सोलकढीचा ग्लास तोंडाला लावला आणि ग्लासातच बोलले, "अगं रजनी, तुला कोण विसरेल?"

"अगं रजनी, तुला कोण विसरेल?" काकू म्हणाल्या, आणि काय म्हणाल्या. माझ्या भिकार वाक्याला त्यांनी राजघराण्यातलं करून टाकलं.

"नाटक कसं वाटलं?"

मी धड एक प्रवेश पाहिला नव्हता. "दुसरा अंक लांबला जरा," ग्लासातून. काकूंनी घेतलं. रजनीताईंना ते फारच पटलं. मग त्यांनी विचारलं, "मुलगी कशी आहे?"

"नाशिकला असते, मजेत आहे," काकांकडून ऐकलेलं तेवढंच मी ग्लासातून म्हणाले, आणि पुढे सवयीने निघून गेलं, "लक्षात आलं का?"

काकूंनी तेही घेतलं, थेट माझ्या क्लासातल्या आवाजात. "नाशिकला असते, मजेत आहे. लक्षात आलं का?"

"हो, आलं," रजनीताई दचकून म्हणाल्या. थोड्या वेळाने, "शालन, तू अगदी तशीच आहेस गं," असं म्हणून त्या आपल्या टेबलाकडे गेल्या. प्रशांत एवढा वेळ बांगड्याचे काटे काढत होता. त्याने मला विचारलं, "तुला सोलकढी इतकी आवडते?"

काकांनी रुमालाने कपाळ पुसलं. ताटातला भात तसाच होता, माशाला बोटही लागलेलं नव्हतं.

मग काकूंचा हात थांबला. त्या काकांकडे पाहू लागल्या. बराच वेळ. मला वाटलं, आता काहीच उरलं नाही. काय द्यावं हे न कळताच मी श्वास घेतला, तर काकांनी टेबलावरून एक बोट वर करून मला थांबवलं. त्यांनी स्वतःही काही दिलं नाही.

काकूंनी आपल्या ताटातल्या बांगड्याचा एक तुकडा घेतला. काटा अलगद सोडवला, पुन्हा एकदा बोटांनी चाचपून पाहिलं, आणि तो तुकडा काकांच्या भातावर ठेवला.

"किती बोलता हो तुम्ही दिवसभर," त्या म्हणाल्या. "आता गप्प बसून जेवा."

माझे डोळे काकांच्या ओठांवर होते. ते मिटलेले होते. माझेही मिटलेले होते.

काकांनी खाली मान घातली आणि जेवायला लागले. मी वेटरला आणखी एक सोलकढी सांगायला श्वास घेतला, तेवढ्यात प्रशांतनेच ती सांगितली.