साडेसहाचा भूकंप

सुजीत वाघुळदे बोईसरच्या एका कारखान्यात सेफ्टी विभागात होता. दिवसभर लोकांना हेल्मेट घाला, हातमोजे घाला, पळू नका असं सांगून संध्याकाळी घरी येईपर्यंत त्याच्यात कोणाशी वाद घालायची ताकद उरत नसे. त्यामुळे साखर वाढलीय, रोज अर्धा तास सायकल चालवा असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा त्याने नुसती मान हलवली आणि सायकल घेतली.

सरावलीतल्या घरातून बाहेर पडलं की रस्त्यावर टँकर. टँकरच्या मागे राहावं तर धूर, पुढे राहावं तर हॉर्न. तिसऱ्या दिवशी बायकोने, ज्ञानेश्वरीने, साखरेच्या आधी टँकरच नेईल असं स्पष्ट सांगितलं. मग त्याने एक लोखंडी स्टँड मागवला. सायकलचं मागचं चाक त्यात अडकवलं की ते एका रोलरवर टेकतं, आणि माणसाने कितीही पेडल मारले तरी तो आतल्या खोलीतच राहतो. पण रस्त्याचा टायर रोलरवर घासून आठवड्यात झिजायला लागला. स्टँडसाठी वेगळा गुळगुळीत टायर मिळतो, तो आणला. मात्र टायर बदलण्यात दीड तास जाई आणि व्यायामाला सुजीतच शिल्लक राहत नसे.

नाक्यावर सायकली दुरुस्त करणाऱ्या भिकाने तोडगा काढला. "दुसरं चाकच ठेवा ना साहेब. एक घरातलं, एक रस्त्याचं." वाणगावच्या कोणाच्या तरी मोडक्या सायकलचं मागचं चाक त्याच्याकडे पडून होतं. त्याला गुळगुळीत टायर चढवून त्याने ते गरकन फिरवून दाखवलं. चाक अंड्यासारखं वरखाली होत होतं. सुजीतने शंका काढली.

"थोडं हलते," भिका म्हणाला. "पण तुमाला त्याच्यावर कुठं जायचं हाय?"

सुजीत चाक घेऊन घरी आला.

त्याच संध्याकाळी साडेसहाला सुजीत सायकलवर बसला. दहा मिनिटं झाली असतील, तोच खालच्या मजल्यावरून इंदुबाईंची हाक आली, जमीन हलतेय, बाहेर पडा. डहाणू-तलासरीकडे अधूनमधून धक्के बसतात हे इथे सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे कोणी दोनदा विचारलं नाही. ज्ञानेश्वरीला घेऊन सुजीत सगळ्यांच्या आधी खाली पोचला. पळू नका हे सांगायचं तेवढं राहून गेलं.

इंदुबाई सत्तरीच्या. नवरा तारापूरच्या वीजकेंद्रात होता, तो गेल्यापासून त्या एकट्याच राहत. मुलगा मनीष पुण्यात. फळीवरचे डबे कसे नाचत होते ते त्या हातांनी दाखवत होत्या. मग सगळे सुजीतकडे वळले, कारण तो सेफ्टीतला. किती मोठा असेल, त्यांनी विचारलं. सुजीतला काही म्हणजे काहीच जाणवलं नव्हतं, पण तसं कबूल करणं त्याच्या खात्याला शोभलं नसतं.

"तीनच्या आसपास," तो म्हणाला.

इंदुबाईंनी तिथल्या तिथे मनीषला फोन लावला आणि तीनचा झाला, सेफ्टीच्या साहेबांनी मोजलाय, असं कळवलं. सगळं शांत झालं तसा सुजीत वर आला आणि राहिलेली वीस मिनिटं पुरी करायला बसला. पाचव्या मिनिटाला दुसरा धक्का बसला.

आठवडाभर हेच चाललं. बाकीच्यांना काही जाणवत नव्हतं, म्हणून त्यांनी चौथ्या दिवसापासून खाली येणं सोडलं; पण सोसायटीने सुजीतला भूकंपात काय करावं याचं प्रात्यक्षिक द्यायला लावलं. टेबलाखाली कसं शिरायचं हे दाखवताना त्याच्या कमरेत उसण भरली. दोन दिवस तो आडवा होता आणि दोन दिवस धक्का बसला नाही. लोकांनी प्रात्यक्षिकाचं कौतुक केलं.

ज्ञानेश्वरीने मात्र हिशेब जुळवला. "तुमची कंबर धरली की भूकंप थांबतो. तुम्हाला ओव्हरटाइम असला की येतच नाही. बसा सायकलवर. मी विरजण मागायला खाली जाते."

पाच मिनिटांनी तिचा फोन आला. चालवा, म्हणाली. त्याने चालवलं. थांबा, म्हणाली. तो थांबला. पुन्हा चालवायला सांगितलं, आणि फोनमधून त्याला डबे वाजताना ऐकू आले.

"तुम्हीच आहात," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कामावरून येताच सुजीतने ते चाक भिकाकडे नेऊन सरळ करून आणलं. आता ते असं मऊ फिरू लागलं की त्याला त्यावर डुलकी लागे. खाली डबे गप्प झाले. झालं ते मिटलं, असं समजून तो निवांत झाला. पण शनिवारी दुपारी जेवताना ज्ञानेश्वरीने बातमी सांगितली. उद्या मनीष येतोय. आईला भूकंपाच्या गावात एकटं ठेवणार नाही, फ्लॅट बंद करून पुण्याला नेणार.

सुजीतचा घास तोंडातच राहिला. त्याच्या एका चाकापायी म्हाताऱ्या बाईचं घर उठणार होतं. हात धुऊन तो तसाच खाली गेला.

इंदुबाई भेंडी चिरत बसल्या होत्या. त्याने सायकल, स्टँड, चाक, तीनचा आकडा, सगळं सांगून हात जोडले. त्यांचा विळीवरचा हात थांबला नाही.

"ठाऊक आहे मला," त्या म्हणाल्या. "पहिले दोन दिवस खरंच घाबरले. मग ध्यानात आलं, वर तुमचा फोन वाजला की भूकंप थांबतो."

मग बोलला का नाहीत, असं त्याने विचारलं. इंदुबाईंनी भेंड्या एका बाजूला लोटल्या. मनीषचा फोन महिन्यातून एकदा यायचा, तोही गडबडीत. आता रोज सात वाजता येत होता.

"पंधरा दिवसांत जेवढं बोललाय, तेवढं तीन वर्षांत बोलला नव्हता. मला कुठं जायचं नाही, सुजीतराव, आणि तो म्हणाला तरी मी जाणार नाही. येऊ दे त्याला, माझ्या हातचे चार घास खाऊ दे. पण तो असताना एकदा हलायला पाहिजे. नाहीतर आई थापा मारते म्हणेल."

चाक सरळ केलंय, असं सुजीत हळूच म्हणाला.

"मग करा की वाकडं."

रविवारी सकाळी भिकाने त्याची मागणी दोनदा ऐकून घेतली. लोक वाकडं घेऊन येतात आणि सरळ नेतात, इतकी वर्षं त्याचा धंदा त्यावर चालला होता. "मुद्दाम वाकडं म्हंजे किती वाकडं?" त्याने विचारलं.

"फळीवरचे डबे वाजतील इतकं."

भिकाने पाना उचलला. तारा ढिल्या करताना तो अधूनमधून सुजीतकडे फक्त बघून घेत होता.

संध्याकाळी साडेसहाला सुजीतने जीव तोडून पेडल मारले. वीस मिनिटांनी दारावरची बेल वाजली. मनीष होता, आईची काळजी घेता म्हणून आभार मानायला आला होता. ज्ञानेश्वरी त्याला थोपवायच्या आत तो आतल्या खोलीच्या दारात उभा राहिला. सुजीत घामाने निथळत होता आणि मागचं चाक अजून धब धब करत फिरत होतं. मनीषने वाकून ते नीट पाहिलं आणि हाताने थांबवलं.

"पुण्यात माझ्याकडेपण आहे असा स्टँड," तो म्हणाला. "चाक आउट आहे तुमचं, दादा."

दोन दिवसांत दुसऱ्यांदा कबुली द्यायला सुजीतने तोंड उघडलं, पण मनीषने हातानेच थांबवलं. तो पलंगाच्या काठावर बसला. खाली डबे वाजले तेव्हा आई घाबरली नव्हती, असं त्याने सांगितलं. पोळी लाटता लाटता तिने मान वर करून म्हटलं, बघ, आला.

"बाबा गेल्यापासून इतकी खूश मी तिला पाहिली नव्हती," मनीष म्हणाला. मग तो उठला. "मला कळलंय हे तिला सांगू नका. आणि चाक एवढ्यात सरळ करू नका."

सोमवारी तो एकटाच परत गेला. फोन रोज येतो, आणि महिन्यातून एकदा तो स्वतःही येतो.

सुजीत कारखान्यातून पूर्वीसारखाच दमून येतो. आज नको, असं ठरवून सोफ्यावर अंग टाकतो. सहा पंचवीसला खालून काठीने छतावर दोनदा टकटक होते. मग तो उसासा टाकून उठतो, बूट चढवतो आणि भूकंप आणायला आत जातो.